प्लग काळा पडतो, तो का?



कपाशीवर तुडतुडे दिसायला लागलेत. पाऊस दोन दिवस झाले उघडलाय, पण उद्या-परवा पुन्हा येईल असा आभाळाचा रंग आहे. औषध आणून ठेवलंय, दोन माणसं सांगून ठेवलीत. आणि पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप दोन टाक्या नीट मारतो, तिसऱ्या टाकीला फटफट करतो आणि बंद पडतो. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. शेवटी कुणीतरी पाना आणून प्लग काढतं. बघावं तर काळाकुट्ट. फडक्याला पुसून बसवला की इंजिन लागतं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तेच. संध्याकाळी तालुक्याला जाऊन नवा प्लग आणायचा. चार दिवसांनी तोही काळा.

ही कथा फवारणी पंपाचीच नाही. गवत कापायचं यंत्र, पॉवर वीडर, पेट्रोलवर चालणारा पाण्याचा पंप, सगळीकडे हीच. म्हणून आज ह्या बोटभर प्लगाबद्दल बोलायचं ठरवलं आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. प्लग काळा पडणं हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. पिकाचं पान पिवळं पडलं तर आपण पान पुसत बसत नाही. मुळाशी पाणी साचलंय का, नत्र कमी पडलंय का, ते बघतो. प्लगाचंही तसंच आहे. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, पण प्लगाचं तोंड पोटात असतं. बाहेर काढला की तो सांगतो. आपण मात्र त्याचं म्हणणं न ऐकता पुसून टाकतो, किंवा फेकून देतो.

आता प्लग काम कसं करतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्लगाच्या मधोमध एक धातूचा दांडा असतो. त्याच्याभोवती चिनी मातीची पांढरी पुंगळी असते. खाली एक वाकवलेला कान असतो. दांडा आणि कान यांच्यामध्ये बारीक फट असते. कॉईलमधून हजारो व्होल्टचा दाब आला की वीज त्या फटीवरून उडी मारते, तीच ठिणगी. चिनी मातीतून वीज जात नाही म्हणून तिला उडी मारण्यावाचून गत्यंतर नसतं. पण त्या पुंगळीवर काजळी बसली की मामला बिघडतो. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. पाटाला मध्येच फूट पडली की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही, तशी वीज काजळीवरून गळून लोखंडात जाते. ठिणगी पडत नाही, किंवा पडली तरी मरतुकडी पडते. मरतुकड्या ठिणगीनं पेट्रोल पुरतं जळत नाही, न जळलेल्याची आणखी काजळी होते. एकदा हे चक्र सुरू झालं की इंजिन थांबेपर्यंत थांबत नाही.

मग चांगल्या इंजिनातल्या प्लगावर काजळी का राहत नाही? ती तिथंही बसते, पण जळून जाते. पुंगळीचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की बसलेली काजळी आपोआप जळते. त्याच्या खाली राहिलं की साठत जाते. उलट ८५० अंशांच्या पलीकडे गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतं, ते पिस्टनला घातक. म्हणजे प्लगाला थंडही चालत नाही आणि फार गरमही चालत नाही. एवढं डोक्यात ठेवलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. बांधावर गप्पा मारताना पंप मंद चालू ठेवायची सवय असते बघा. त्या वेळी प्लग थंड असतो आणि काजळी धरत असतो. टाकी भरायची असेल तर इंजिन सरळ बंद करावं. पेट्रोलही वाचतं.

आता प्लग बघायचा कसा. इंजिन गरम झाल्यावर पूर्ण कामावर, म्हणजे पूर्ण रेसवर, चार-पाच मिनिटं चालवा आणि त्याच रेसवर असताना स्विचनं बंद करा. मंद करून, फटफटवून बंद केलं तर शेवटच्या मिनिटाची काजळी खरी खूण झाकून टाकते आणि आपला अंदाज चुकतो. मग इंजिन निवू द्या. गरम इंजिनातून प्लग जोर करून काढला तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे सोलून निघतात, आणि त्या दुरुस्तीपुढे प्लगाची किंमत काहीच नाही. काढण्याआधी प्लगाभोवतीची धूळ-माती फुंकणीनं किंवा ब्रशनं झाडून घ्या, नाहीतर ती भोकातून आत पडते. आणि फवारणी चालू असताना हे काम करायचं असेल तर आधी साबणानं हात धुवा. औषधाचे हात प्लगाला, प्लगाचे हात तोंडाला, असं नकळत होतं.

चांगल्या प्लगाचं तोंड कोरडं असतं आणि रंगानं फिकट तपकिरी, खाकी किंवा करडं. जुनी माणसं सांगतात की प्लग गडद तपकिरी हवा. ते शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातलं आहे. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्याकडे शिसं नसलेलं पेट्रोलच मिळतं, त्यात प्लग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. तेव्हा थोडा फिकट दिसला म्हणून लगेच जेट मोठा करायला धावू नका.

सगळ्यात जास्त आढळतो तो कोरडा काळा प्लग. बोटाला काजळ लागावं तशी भुकटी लागते. याचा अर्थ, पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पहिला संशय हवेच्या गाळणीवर, म्हणजे एअर फिल्टरवर घ्या. उन्हाळी नांगरटीची धूळ, कापणीचा भुसा, वर ऑइलचा ओलावा, असा थर बसला की इंजिन नाक दाबल्यासारखं होतं. फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, नुसता दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा. पुस्तिकेत ऑइल लावायला सांगितलं असेल तर चार थेंब लावून दाबून काढा. ऑइलात भिजवून तसाच बसवला तर तोच हवा अडवतो. कागदी फिल्टर मात्र धुवायचा नसतो; हलक्या हातानं आपटून झाडायचा, आणि फारच मळला असेल तर बदलायचा. फिल्टर काढून टाकून इंजिन चालवणारे लोक आहेत. पंप जोरात चालतो असं त्यांना वाटतं. प्लग गोरा होतो हे खरं, पण धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पॉलिश पेपरसारखी रिंगा घासते, आणि पुढच्या हंगामात तोच प्लग ऑइलानं काळा होतो.

दुसरा संशय चोकवर. सकाळी थंड इंजिन लावायला चोक बंद करतात आणि लागल्यावर उघडायला विसरतात, किंवा चोकचा दांडा ढिला होऊन धक्क्यानं आपोआप अर्धा बंद होतो. पाठीवर पंप असताना हे दिसतही नाही. पंप उतरवला की एकदा चोकच्या दांड्यावर नजर टाकावी. मी अनेक पंप पाहिले ज्यांत बाकी काही बिघाड नव्हता, एवढंच होतं.

तिसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण हा बिघाड यंत्राचा नसतो, आपल्या हातांचा असतो. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळी तुकडा असतो, त्याला केसासारखं बारीक भोक असतं. किती पेट्रोल जायचं ते हे भोक ठरवतं. कचरा अडकला की आपण तार घालतो, पिन घालतो, सुई घालतो. पितळ मऊ आहे. दोन-चार वेळा तार फिरली की भोक मोठं होतं; डोळ्याला दिसत नाही, पण इंजिनाला कळतं. त्या दिवसापासून पेट्रोल जास्त जातं, धूर काळा येतो आणि प्लग काळा पडतो. जेट पेट्रोलात धुवावा आणि हवेच्या पंपानं फुंकावा. सायकलचा पंपही चालतो. तोंडानं मात्र फुंकू नका. फवारणीच्या दिवशी त्या हातांवर आणि त्या जेटवर काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. भोक मोठं झाल्याचा संशय असेल तर त्याच नंबरचा नवा जेट घालणं हाच उपाय. आणि कुणी मिस्त्री म्हणाला की जेट मोठा करून देतो, पंपाचा जोर वाढेल, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. इंजिनाला जेवढी हवा मिळते तेवढंच पेट्रोल त्यात जळतं. वरचं पेट्रोल धुरात जातं आणि काजळी होऊन प्लगावर बसतं. शर्यतीच्या गाड्यांचे मिस्त्री जेट बदलतात तेव्हा ते हवेची वाट, धुराची वाट, ठिणगीची वेळ आणि प्लग, सगळं बरोबर बदलतात; तरीसुद्धा त्यांचे प्लग काळे होतात आणि त्यांना ते पुन्हा पुन्हा काढून बघावे लागतात. आपल्याला शर्यत लावायची नाही, फवारणी पुरी करायची आहे.

काही पंपांच्या कार्बोरेटरमध्ये रेसच्या वायरला जोडलेली एक सुई असते आणि सुईला खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत लावली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं. वरच्या खाचेत लावली की कमी. कुणी खोलून जोडताना खाच चुकवली असेल तर प्लग लगेच सांगतो. साधारणपणे मधली खाच असते. बदल करायचा तर एका वेळी एकच खाच, आणि मग प्लग पुन्हा बघायचा. कार्बोरेटरच्या वाटीतल्या तरंगत्या फ्लोटची सुई झिजली, किंवा तिच्यात कचरा अडकला, तरी पेट्रोल भरून वाहतं. कार्बोरेटरखाली सतत ओल दिसत असेल तर तिकडे बघा. उभं यंत्र ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय असावी.

धुराची वाटही बघायची असते. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरच्या धुराच्या भोकाशी कार्बनचा थर चढतो. काही यंत्रांना ठिणग्या बाहेर पडू नयेत म्हणून बारीक जाळी असते, ती बुजते. धूर बाहेर जाईना की ताजी हवा आत येईना. शक्ती कमी होते, रेस चढत नाही, प्लग काळा. जाळी काढून ब्रशनं साफ करून परत बसवा. काढून टाकू नका, सुक्या गवतात किंवा कडब्याच्या गंजीपाशी एक ठिणगी पुरते. पावसाळाभर पडून राहिलेल्या यंत्रात कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधते, तेही सुरुवातीलाच बघून घ्या.

आता दुसरा प्रकार. प्लग काळा, पण ओला आणि चिकट. बोटाला ऑइल लागतं. इथं आपलं इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हे आधी ठरवा. ऑइल टाकायला वेगळं झाकण आणि पट्टी असेल तर फोर-स्ट्रोक. नसेल, आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असेल, तर टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकला ऑइल किती, हे यंत्राच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. एकास पंचवीस लिहिलं असेल तर एका लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑइल. एकास चाळीस असेल तर २५ मिलिलिटर. एकास पन्नास असेल तर २० मिलिलिटर. आपण काय करतो? झाकणानं मोजतो, किंवा अंदाजानं धार सोडतो, वर आणखी थोडं, इंजिनाला बरं म्हणून. २० ची गरज असताना ४० पडलं तर ते तिथं जळत नाही, प्लगावर आणि सायलेन्सरमध्ये बसतं. कधी कधी कार्बनचा एक बारीक तंतू त्या फटीत आडवा बसतो आणि दांडा व कान जोडून टाकतो. चालतं इंजिन बटण दाबल्यासारखं गपकन बंद पडतं ते यामुळेच. औषधाच्या दुकानात मिळते तशी खुणा असलेली सिरिंज दहा-वीस रुपयांत येते. ती फक्त ऑइलासाठी ठेवा. कीटकनाशकाचं मापटं ऑइलाला वापरू नका, आणि ऑइलाचं दुसऱ्या कशालाही नको.

एका वस्तीवर मी गेलो होतो, तिथं हंगामात पाच प्लग झाले होते. फिल्टर चांगला, चोक चांगला, जेट नवा. प्लग काढला की ऑइल ठिबकावं असा. मग कळलं की सकाळी वडील कॅनमध्ये ऑइल मिसळून ठेवायचे, आणि दुपारी मुलगा, दादांनी घातलं नसेल म्हणून, पुन्हा घालायचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्या दिवशी कॅनच्या कानाला लाल चिंधी बांधायचं ठरलं. चिंधी असली की ऑइल घातलेलं आहे, कॅन रिकामा झाला की चिंधी सोडायची. याची उलटी चूक तर याहून महाग. ऑइल न घातलेलं साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो, इंजिन जाम होतं आणि प्लगाच्या कितीतरी पट खर्च येतो. म्हणून चिंधी हवीच.

ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं, दुकानात टू-टी म्हणून मिळतं ते. ट्रॅक्टरमधून काढलेलं, किंवा मोटरसायकलचं उरलेलं ऑइल पेट्रोलबरोबर जाळण्यासाठी केलेलं नसतं. त्याची राख होते आणि प्लगावर खरपुडीसारखी धरते. मिसळताना आधी थोडं पेट्रोल, मग सगळं ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि कॅन चांगला हलवायचा. टाकीत पेट्रोल भरून वरून ऑइल ओतलं तर ते तळाशी बसतं आणि पहिला घोट ऑइलाचाच जातो.

फोर-स्ट्रोकमध्ये प्लग ऑइलानं ओला दिसला तर आधी पट्टीवर ऑइल बघा. वरच्या खुणेच्या वर असेल तर काढून कमी करा. यंत्र सपाट जागेवर ठेवून बघायचं, उतारावर नव्हे. पॉवर वीडर टेम्पोत किंवा बैलगाडीत आडवा घालून आणला असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरतं. अशा वेळी दोरी जोरात ओढू नका. प्लग काढून, स्विच बंद ठेवून, हळूहळू ओढून ऑइल बाहेर येऊ द्या. कुठं तिरपं करायचंच असेल तर प्लगाची बाजू वर राहील असं करावं. ऑइल बरोबर असून धूर निळसर येत असेल आणि प्लग दर दोन दिवसांनी ओला होत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत. तिथं प्लगाचा काही दोष नाही. मिस्त्रीकडे न्यावं लागेल.

तिसरा प्रकार, प्लग ओला पण ऑइलानं नव्हे, पेट्रोलनं, वास येतो. दोरी ओढत राहिलो आणि ठिणगीच पडली नाही, की असं होतं. पेट्रोलचा कॉक बंद करा, स्विच बंद करा, प्लग काढा, चोक उघडा, रेस पूर्ण द्या आणि आठ-दहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल बाहेर काढा. बाजूला विडी-काडी नको. यंत्र दहा मिनिटं वाऱ्याला ठेवा.

मग ठिणगी तपासायची. इथं बंधूंनो, जरा सांभाळून. प्लगाच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, आणि त्याच्याजवळच ठिणगी पाडली तर भडका उडतो. हात आणि तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून आधी एखादा जुना प्लग भोकात बसवून भोक बंद करा. सांडलेलं पेट्रोल पुसा, कॅन दूर न्या. मग तपासायचा प्लग टोपीत घालून त्याचे आटे इंजिनाच्या लोखंडाला, भोकापासून दूर, टेकवून धरा. उघड्या हातानं धरू नका, रबरी मुठीच्या पकडीनं धरा. स्विच चालू करून दोरी ओढा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळसर आणि अधूनमधून पडली तर नवा प्लग लावून बघा. नव्यावर चांगली आली तर जुना गेला. त्याची पुंगळी आतून तडकली असेल. नव्यावरही तशीच आली तर बिघाड प्लगाच्या मागे आहे. टोपी ढिली, वायर कापलेली, स्विचची वायर कुठं लोखंडाला टेकलेली, किंवा कॉईल. जुन्या इंजिनात पॉइंट असतात, ते ऑइलानं किंवा गंजानं खराब होतात.

एक प्रकार राहिला. प्लग पांढराफटक, कधी टोकाला फोड आल्यासारखा किंवा वितळल्यासारखा. स्वच्छ आहे म्हणून खूश होऊ नका. हवा जास्त आणि पेट्रोल कमी जातंय. जेट बुजलाय, किंवा कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं गॅस्केट फाटून बाहेरची हवा शिरतेय. काळा प्लग इंजिन बंद पाडतो, पांढरा प्लग पिस्टन वितळवतो. तिथंच थांबा, अर्धं शेत राहिलं तरी चालेल.

प्लगाच्या नंबराबद्दल दोन शब्द. आटे जुळले म्हणून प्लग जुळला असं होत नाही. काही प्लग गरम राहतात, काही लवकर निवतात, आणि ते नंबरावर लिहिलेलं असतं. गंमत अशी की एनजीकेच्या प्लगात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशच्या सध्याच्या प्लगात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीत बघून घेतला तर नेमकं उलटं होतं. दुकानदाराला जुना प्लग दाखवण्यापेक्षा पुस्तिकेतला नंबर दाखवा. जुना प्लग आधीच कुणी चुकीचा घातलेला असू शकतो. काळा पडतो म्हणून मुद्दाम जास्त गरम प्लग घालायचा सल्लाही काही जण देतात. काजळी जाईल, पण मूळ बिघाड तसाच राहील आणि भर उन्हात पूर्ण रेसवर पिस्टनला धोका होईल. आट्यांची लांबीही तीच हवी. लांब प्लग पिस्टनवर आपटतो, आखूड प्लगाच्या खाली उरलेल्या आट्यांत कार्बन भरतो.

साफ करायचा तर पेट्रोलात भिजवून मऊ ब्रशनं करा, टोकदार काडीनं पुंगळीभोवतीचा कार्बन काढा आणि पूर्ण वाळवा. पॉलिश पेपरचे कण आत अडकतात. लोखंडी तारेच्या ब्रशनं जोरात घासलं तर पांढऱ्या पुंगळीवर धातूच्या रेघा उमटतात, आणि काजळीनं जे केलं असतं तेच त्या रेघा करतात. चुलीत लाल करून साफ करायची जुनी युक्तीही सोडून द्यावी, चिनी माती तडकते. फट पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बहुतेक लहान इंजिनांना ती ०.६ ते ०.८ मिलिमीटरच्या दरम्यान असते. मापाची पट्टी नसेल तर लोखंड कापायच्या हॅक्सॉ ब्लेडची पाठ साधारण ०.६ मिलिमीटरच्या किंचित वर असते. दात नव्हे, पाठ. फट कमी-जास्त करायला फक्त बाहेरचा कान वाकवायचा, मधल्या दांड्याला हात लावायचा नाही. बसवताना आधी बोटानं पूर्ण फिरवा. वायसर असलेला नवा प्लग टेकल्यावर पान्यानं अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्याहून जास्त नको.

पेट्रोलबद्दलही सांगायला हवं, कारण ते बदललं आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विक्रीला येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सगळीकडे झालं. इथेनॉल आपल्याच उसाचं, धान्याचं. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते हवेतला ओलावा ओढतं. कॅन अर्धा रिकामा ठेवून पावसाळाभर कोपऱ्यात ठेवला तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला तळातलं बिनऑइलाचं पाणचट मिळतं. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्याही त्यानं फुगतात आणि त्यांचे कण जेटमध्ये जातात. म्हणून मिसळलेलं पेट्रोल आठ-पंधरा दिवसांपुरतंच करा, कॅन घट्ट बंद ठेवा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा.

पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे जुने पंप अजून काहींच्या विहिरीवर आहेत. त्यांचा प्लग काळा पडतो तो घाईमुळे. इंजिन चांगलं तापायच्या आत रॉकेलवर टाकलं की रॉकेलची वाफ नीट होत नाही. आणि बंद करताना शेवटची काही मिनिटं पुन्हा पेट्रोलवर आणायचं असतं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहतं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन लागतं.

ह्याच पंपांवरून एक गोष्ट सांगून थांबतो. पाणी खोल गेलं की पंप विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवतात, आणि प्लग बिघडला की चालतं इंजिन बघायला माणूस खाली उतरतो. पेट्रोल-रॉकेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. काळा प्लग टाकणाऱ्या इंजिनात तो जास्तच असतो. माणसाला गुंगी येते, तो खाली पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही पडतो. इंजिन विहिरीत चालवू नका; खोलीत, गोठ्यात दार लावूनही चालवून बघू नका. तपासणी उघड्यावर करा. कुणी खाली पडलंच तर वरून दोर टाका, माणसं गोळा करा, १०८ ला फोन करा, पण स्वतः उतरू नका.

फवारणीला जाताना पिशवीत योग्य नंबरचा, फट तपासलेला एक जास्तीचा प्लग, प्लग पाना, मऊ ब्रश आणि कोरडं फडकं असू द्या. काढलेला काळा प्लग मात्र तसाच, न पुसता, कागदात गुंडाळून घरी आणा. मिस्त्रीला तो दाखवायचा आहे.